लेन्सची वक्रता आणि काळवंडलेले कोपरे : छायाचित्र संपादनातील दुरुस्तीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या वाड्याच्या चौकात उभे राहून वाइड अँगल लेन्सने छायाचित्र काढले आणि घरी येऊन ते संगणकावर उघडले, की दोन गोष्टी लगेच खटकतात. प्रत्यक्षात ओळंब्यात उभा असलेला कडेचा सागवानी खांब धनुष्यासारखा वाकलेला दिसतो आणि चारही कोपऱ्यांत उजेड उतरलेला असतो. हे दोन्ही दोष संपादनात बऱ्याच अंशी दूर करता येतात. मात्र कोणता दोष लेन्सचा आहे, कोणता आपण उभे राहिलो त्या जागेचा आहे आणि दुरुस्तीच्या बदल्यात चित्रातले काय खर्ची पडते, हे कळल्याखेरीज ती नीट होत नाही. खालील उत्तरे लाइटरूम क्लासिक, डार्कटेबल, रॉथेरपी आणि गिंप ही चार सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. यांपैकी पहिले विकत घ्यावे लागते आणि उरलेली तिन्ही मोफत व मुक्तस्रोत आहेत.

लेन्सची विकृती म्हणजे नेमके काय?

आदर्श लेन्स चित्राच्या मध्यापासून कडेपर्यंत प्रत्येक ठिकाणी सारखेच वर्धन करते. प्रत्यक्षातील लेन्समध्ये मध्यापासून दूर जाताना हे वर्धन बदलत जाते आणि त्यामुळे मध्यातून न जाणाऱ्या सरळ रेषा वाकतात. कडेकडे वर्धन कमी होत गेले, तर रेषा बाहेरच्या बाजूला फुगतात. या प्रकाराला बॅरल विकृती म्हणतात आणि ती झूम लेन्सच्या रुंद टोकाला हमखास आढळते. वर्धन वाढत गेले, तर रेषा आत ओढल्यासारख्या दिसतात. ती पिनकुशन विकृती होय आणि झूमच्या लांब टोकाला ती अधिक दिसते. काही लेन्समध्ये मध्याजवळ बॅरल आणि कोपऱ्यांजवळ पिनकुशन अशी दोन्हींची सरमिसळ असते, त्यामुळे सरळ रेषेला मिशीसारखा आकार येतो. हा तिसरा प्रकार एका स्लायडरने कधीच सुधारत नाही, कारण मधला भाग सरळ करावा तर टोके अधिकच वळतात. त्यासाठी त्या लेन्सचे प्रोफाइल, म्हणजे ती मोजून काढलेले आकडे, लागतेच.

हा दोष किती मोठा असतो, याची कल्पना येण्यासाठी एक हिशोब पाहावा. ६००० × ४००० पिक्सेलच्या चित्रात मध्यापासून कोपरा सुमारे ३६०० पिक्सेल दूर असतो. केवळ २ टक्के विकृती असली, तरी कोपऱ्यातला बिंदू आपल्या योग्य जागेपासून सुमारे ७२ पिक्सेल सरकलेला असतो.

खालून काढलेल्या छायाचित्रात देवळाचे शिखर मागे कललेले दिसते. ही लेन्सचीच विकृती आहे का?

नाही. ही गल्लत इतकी सार्वत्रिक आहे, की दुरुस्ती करूनही काही फरक पडला नाही अशा बहुतेक तक्रारींच्या मुळाशी तीच असते. कॅमेरा वर कलवला, की कॅमेऱ्यातला संवेदक (सेन्सर) इमारतीला समांतर राहत नाही आणि उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींजवळ येतात. सर्वांत निर्दोष लेन्सनेही हेच घडेल, कारण हा यथादर्शनाचा, म्हणजे आपल्या उभे राहण्याच्या जागेचा परिणाम आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे : रेषा वाकडी झाली असेल तर दोष लेन्सचा, आणि रेषा सरळ राहून नुसती तिरकी झाली असेल तर ते यथादर्शन. लाइटरूममध्ये यासाठी ट्रान्सफॉर्म या पॅनेलमधील अपराइट हे साधन आहे, डार्कटेबलमध्ये रोटेट अँड पर्स्पेक्टिव्ह हे मोड्यूल आहे. ही साधने चित्रातील सरळ रेषा शोधून हिशोब करतात, त्यामुळे आधी लेन्सची वक्रता काढावी आणि मगच ती वापरावीत.

शिखर पूर्णपणे ताठ केलेले चित्र मला अनेकदा खोटे वाटते. वर पाहताना इमारत थोडी निमुळती होत जाते हे आपल्या मनाला ठाऊक असते, म्हणून पूर्ण दुरुस्तीऐवजी थोडा कल शिल्लक ठेवलेला बरा.

कोपरे काळवंडण्याचे कारण काय?

कारण एक नसून तीन-चार आहेत आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

पहिले कारण नैसर्गिक आहे. तिरक्या कोनातून येणारा प्रकाश संवेदकावर विरळ पडतो, आणि साध्या लेन्सच्या बाबतीत ही घट त्या कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताप्रमाणे होते. फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या संवेदकाच्या, कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्सच्या कोपऱ्याचा कोन सुमारे २३ अंश भरतो, त्यामुळे तेथे मध्याच्या तुलनेत साधारण ७० टक्के प्रकाश पोहोचतो आणि नुकसान अर्ध्या स्टॉपचे होते (एक स्टॉप घट म्हणजे प्रकाश निम्मा होणे). २४ मिमी लेन्सच्या कोपऱ्याचा कोन ४२ अंशांच्या आसपास असतो. तेथे जेमतेम ३० टक्के प्रकाश उरतो, म्हणजे दीड स्टॉपहून अधिक घट होते. वाइड अँगल लेन्सची रचना करणारे अभियंते ही घट कमी करण्याचे उपाय योजतात, तरी ती पुरती नाहीशी होत नाही.

दुसरे कारण लेन्सच्या नळीत आहे. अ‍ॅपर्चर (लेन्समधले, प्रकाश आत सोडणारे, लहानमोठे करता येणारे छिद्र) पूर्ण उघडे असताना लेन्समध्ये समोरून डोकावल्यास गोल छिद्र दिसते; तीच लेन्स थोडी तिरकी धरल्यास ते मांजराच्या डोळ्यासारखे चपटे दिसते, कारण पुढच्या-मागच्या भिंगांच्या कडा वाट अडवतात. कोपऱ्याला मिळणारा प्रकाश या चपट्या छिद्रातूनच येतो. अ‍ॅपर्चर लहान केल्यावर त्याची कड नळीच्या आत सुरक्षित राहते आणि हा दोष झपाट्याने ओसरतो.

तिसरे कारण आपणच निर्माण करतो. जाड चौकटीचे फिल्टर एकावर एक चढवणे किंवा दुसऱ्याच लेन्सचा हूड लावणे यामुळे कोपऱ्यात स्पष्ट काळी कड येते. तेथे प्रकाश पोहोचलेलाच नसल्याने सॉफ्टवेअरला उजळण्यासाठी काही शिल्लक नसते. तो भाग कापावा लागतो.

याखेरीज डिजिटल संवेदकावरील प्रत्येक पिक्सेल तिरप्या प्रकाशाला सरळ प्रकाशाइतका प्रतिसाद देत नाही, त्याचीही भर पडते.

अ‍ॅपर्चर लहान करून एफ/८ ठेवले तर दोन्ही दोष टळतात का?

कोपऱ्यांचा काळोख बराच कमी होतो, विकृती मात्र जशीच्या तशी राहते. विकृती फोकल लेंथ (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेला आकडा) आणि फोकसचे अंतर यांवर अवलंबून असते, अ‍ॅपर्चरशी तिचा संबंध नसतो.

माझी लेन्स किती वाकवते, हे सॉफ्टवेअरला कसे कळते?

छायाचित्राच्या फाइलमध्ये कॅमेरा, लेन्स, फोकल लेंथ आणि अ‍ॅपर्चर यांची नोंद असते. त्या नोंदीवरून सॉफ्टवेअर आपल्या संग्रहातले त्या लेन्सचे प्रोफाइल शोधते. प्रोफाइल म्हणजे कोणीतरी ती लेन्स मोजून काढलेले काही आकडे असतात. विकृतीसाठी हे आकडे एका बहुपदीत बसवलेले असतात, ज्यावरून मध्यापासून अमुक अंतरावरचा बिंदू प्रत्यक्षात कोठे असायला हवा होता ते काढता येते. झूम लेन्ससाठी वेगवेगळ्या फोकल लेंथवर स्वतंत्र मोजमापे घेतलेली असतात आणि मधल्या किमती त्यांवरून अंदाजाने काढल्या जातात. कोपऱ्यांच्या काळोखासाठी अ‍ॅपर्चरनिहाय वेगळे आकडे लागतात.

अडोबीने ही सोय २०१० साली लाइटरूमच्या तिसऱ्या आवृत्तीत आणली. मुक्तस्रोत जगात हेच काम लेन्सफन नावाचा संग्रह करतो. डार्कटेबल, रॉथेरपी आणि डिजिकॅम ही तिन्ही सॉफ्टवेअर त्याचा आधार घेतात आणि त्यातली मोजमापे जगभरच्या छायाचित्रकारांनी स्वतः करून दिलेली आहेत. एक मर्यादा दोन्हीकडे आहे : मोजमाप त्या जातीच्या एका लेन्सचे असते, आपल्या हातातल्या लेन्सचे नव्हे. आपली लेन्स पडलेली असेल आणि तिचे एखादे भिंग मध्यापासून सरकलेले असेल, तर डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी दिसेल आणि प्रोफाइल ती सुधारू शकणार नाही.

लाइटरूममध्ये ही दुरुस्ती कोठे करावी?

डेव्हलप विभागातील लेन्स करेक्शन्स या पॅनेलमध्ये प्रोफाइल आणि मॅन्युअल असे दोन टॅब आहेत. पहिल्या टॅबमध्ये एनेबल प्रोफाइल करेक्शन्स या चौकटीत खूण केली, की लेन्स ओळखली जाऊन दोन्ही दोष एकदम सुधारतात. खाली डिस्टॉर्शन आणि व्हिग्नेटिंग असे दोन स्लायडर असतात, त्यांची मूळ किंमत १०० असते आणि ती शून्यापासून २०० पर्यंत बदलता येते. म्हणजे रेषा पूर्ण सरळ करून कोपऱ्यांचा काळोख मात्र अर्धाच काढायचा असेल, तर दुसरा स्लायडर ५० वर आणावा. मला स्वतःला ही सोय फार मोलाची वाटते. मॅन्युअल टॅब प्रोफाइल नसलेल्या लेन्ससाठी आहे. त्यातील मिडपॉइंट हा स्लायडर उजळणे कोपऱ्यांपुरते ठेवायचे की मध्याकडे पसरवायचे ते ठरवतो.

इफेक्ट्स पॅनेलमधील पोस्ट-क्रॉप व्हिग्नेटिंग हे साधन नावाने जवळचे असले, तरी वेगळ्या कामाचे आहे. ते कापलेल्या चित्राच्या चौकटीला सौंदर्यासाठी काळोख किंवा उजेड देते; लेन्सचा दोष त्याने काढू नये, कारण त्याचा मध्य लेन्सच्या मध्याशी जुळेलच असे नाही.

डार्कटेबल आणि रॉथेरपी यांत काय करावे?

डार्कटेबलमध्ये लेन्स करेक्शन हे मोड्यूल सुरू करावे. लेन्सचे नाव आपोआप आले नाही, तर यादीतून निवडावे. नवी लेन्स यादीत दिसत नसल्यास लेन्सफनचा संग्रह अद्ययावत करून पाहावा, कारण सॉफ्टवेअरसोबत आलेली प्रत बऱ्याचदा जुनी असते. रॉथेरपीमध्ये प्रोफाइल्ड लेन्स करेक्शन या साधनात लेन्सफनखेरीज अडोबीच्या पद्धतीची प्रोफाइल फाइलही निवडता येते.

गिंपमध्ये प्रोफाइल नसते. मग तेथे काय?

फिल्टर्स या मेनूतील डिस्टॉर्ट्समध्ये लेन्स डिस्टॉर्शन हे फिल्टर आहे. त्यातील मेन आणि एज या दोन स्लायडरनी वक्रता नजरेने जुळवावी लागते. चित्रात सरळ असणारच अशी एखादी गोष्ट, जसे दाराची चौकट किंवा समुद्राचे क्षितिज, शोधून तिच्याजवळ गाइड, म्हणजे मदतीची सरळ रेषा, ओढून ठेवावी आणि ती रेषा गाइडला समांतर होईपर्यंत मेन हलवावे. टोके तरीही वळलेली राहिली तर एज वापरावे. ब्राइटन हा स्लायडर कोपरे उजळण्यासाठी आहे. पण मेन आणि एज दोन्ही शून्यावर असताना त्याचा परिणाम जवळजवळ दिसतच नाही, आणि त्यामुळे अनेकांना तो बिघडलेला वाटतो. आधी चित्र कापून मग हे फिल्टर लावण्याची चूक करू नये. वक्रतेचा मध्य मूळ चित्राच्या मध्याशी असतो, आणि कापल्यावर तो सरकतो. लाइटरूम आणि डार्कटेबल यांत ही काळजी करावी लागत नाही. स्लायडर कोणत्याही क्रमाने हलवले, तरी हिशोब मूळ चित्रावरच होतो.

जेपेग फाइलवर ही दुरुस्ती करावी का?

करता येते, पण दोन धोके आहेत. पहिला धोका दुहेरी दुरुस्तीचा. बहुतेक कॅमेरे जेपेग तयार करताना हे दोष आतच सुधारतात. कॅनन त्याला पेरिफरल इल्युमिनेशन करेक्शन म्हणते, निकॉन व्हिग्नेट कंट्रोल, तर सोनी शेडिंग कॉम्पेन्सेशन. अशा फाइलवर पुन्हा प्रोफाइल चालवले, की बाहेर फुगलेल्या रेषा आत वळतात आणि कोपरे मध्यापेक्षा उजळ होतात. लाइटरूममध्ये जेपेग उघडल्यावर प्रोफाइलची यादी एकदम रोडावते, त्याचेही कारण हेच आहे : बहुतेक प्रोफाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फाइलसाठी मोजलेली असतात.

दुसरा धोका प्रकाशाच्या हिशोबाचा. रॉ फाइलमध्ये कोपऱ्यात निम्मा प्रकाश पडला असेल, तर आकडाही निम्माच असतो आणि त्याला दोनने गुणले की काम होते. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने चित्राला आधीच आपला टोन कर्व्ह (उजेड-अंधाराचे प्रमाण बदलणारा वक्र) दिलेला असतो आणि प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या उरलेल्या असतात. तेथे तोच गुणाकार चुकीचे उत्तर देतो आणि निळ्या आकाशात पट्टे दिसू लागतात.

माझ्या मिररलेस कॅमेऱ्याच्या रॉ फाइलवर ही दुरुस्ती बंदच करता येत नाही. हा बिघाड आहे का?

बिघाड नाही, ती रचनाच आहे. ऑलिम्पस आणि पॅनासोनिक यांनी २००८ साली आणलेल्या मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीत लेन्स स्वतःच आपल्या विकृतीचे आकडे कॅमेऱ्याला देते, ते रॉ फाइलमध्ये लिहिले जातात आणि लाइटरूम ते मुकाट्याने लागू करते. लेन्स लहान आणि हलकी करण्यासाठी थोडी विकृती तशीच ठेवायची आणि ती नंतर आकडेमोडीने काढायची, असा हा व्यवहार आहे. आज इतर अनेक मिररलेस लेन्स आणि मोबाइलचे कॅमेरेही याच मार्गाने जातात. ज्यांना मूळ चित्र कसे पडते हे पाहायचे असेल, त्यांनी अशी फाइल डार्कटेबल किंवा रॉथेरपीमध्ये लेन्सची दुरुस्ती न लावता उघडावी.

माझी लेन्स जुनी, हाताने फोकस करायची आहे. तिचे प्रोफाइल कसे मिळवावे?

अशा लेन्सला इलेक्ट्रॉनिक जोडणी नसल्यामुळे फाइलमध्ये तिचे नाव नसते आणि अ‍ॅपर्चरही नसते. यादीत नाव असेल तर हाताने निवडावे. नसेल तर मोजमाप स्वतः करता येते आणि एका दुपारचे ते काम आहे. विकृतीसाठी टाइल्स लावलेली किंवा विटांची सपाट भिंत पुरते. कॅमेरा भिंतीला समांतर आहे की नाही हे पाहण्याची एक जुनी युक्ती अशी : भिंतीला सपाट आरसा टेकवावा आणि व्ह्यूफाइंडरमध्ये आपल्याच लेन्सचे प्रतिबिंब बरोबर मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा हलवावा. या चित्रातील रेषांवरून ह्युगिन हे मोफत सॉफ्टवेअर विकृतीचे आकडे काढून देते.

काळोखासाठी याहूनही सोपा मार्ग आहे. लेन्ससमोर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा धरून, सारख्या उजेडात, ज्या अ‍ॅपर्चरवर काम करायचे त्याच अ‍ॅपर्चरवर एक रॉ चित्र काढावे. आकाश एकसारखे ढगाळ असेल तर फारच उत्तम. या कोऱ्या चित्राने मूळ चित्राला भागले, की कोपऱ्यांचा काळोख त्या लेन्सपुरता अचूक निघतो, आणि दोन बाजूंचा असमतोल असेल तर तोही जातो. याला फ्लॅट-फील्ड दुरुस्ती म्हणतात. लाइटरूम क्लासिकमध्ये ती लायब्ररी मेनूत आहे आणि रॉथेरपीमध्ये रॉ टॅबमध्ये. आकाशगंगेची छायाचित्रे काढणारे हे नेहमीच करतात, कारण त्यांना चित्राचा काँट्रास्ट इतका ताणावा लागतो, की कोपऱ्यांतली लहानशी घटही काळ्या वर्तुळासारखी वर येते. पोथ्या आणि जुने नकाशे यांची छायाचित्रे घेणाऱ्यांनीही ही सवय लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. पानाच्या कडेचा पिवळेपणा कागदाचा आहे की लेन्सने उतरवलेल्या उजेडाचा, हे नंतर कोणालाही ओळखता येत नाही.

दुरुस्तीच्या बदल्यात काय जाते?

तीन गोष्टी जातात. बॅरल विकृती काढताना कोपरे बाहेर ताणले जातात आणि चित्राच्या कडा आत वळतात. पुन्हा आयत मिळवण्यासाठी कडेचा काही भाग कापला जातो. म्हणून वाइड अँगलने काढताना कडेला थोडी मोकळी जागा सोडावी. ताणलेल्या भागात नवे पिक्सेल शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात, त्यामुळे तेथील बारकावा थोडा बोथट होतो. तिसरी किंमत नॉइजची, म्हणजे चित्रातल्या दाण्यांची आहे. कोपरा दोन स्टॉप उजळणे म्हणजे चौपट करणे. आयएसओ ८०० वर काढलेल्या चित्राचा कोपरा त्यानंतर साधारण आयएसओ ३२०० सारखा दाणेदार दिसतो. दिवसाच्या उजेडात हे जाणवत नाही, पण रात्रीच्या दीपोत्सवाच्या छायाचित्रात काळे आकाश कोपऱ्यांतच खवल्यांसारखे दिसू लागते.

मग काळोख प्रत्येक वेळी काढावा का?

माझे मत असे, की मोजमापाचे काम, दस्तऐवजाची प्रत, इमारतीचे छायाचित्र आणि जोडून करायचा पॅनोरमा यांत तो काढावाच. पॅनोरमात तो ठेवला, तर आकाशात प्रत्येक जोडाजवळ राखी पट्टा दिसतो. व्यक्तिचित्रात मात्र थोडा काळोख नजर चेहऱ्याकडे नेतो आणि तो लेन्सचाच असल्याने कृत्रिम वाटत नाही. तेथे मी विकृतीही क्वचितच काढतो, कारण सरळ रेषाच नसेल तर काढण्यासारखे काही दिसतही नाही.

दुरुस्तीनंतर लग्नातील गटाच्या छायाचित्रात कडेचे लोक आणखी रुंद का दिसतात?

सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या वाइड अँगल चित्रात कडेच्या गोल वस्तू मध्यापासून बाहेर ताणल्या जाणे अटळ आहे. मूळ बॅरल विकृती हा ताण थोडा झाकत होती. ती काढल्यावर तो उघडा पडला. येथे डिस्टॉर्शनचा स्लायडर कमी करावा. पुढच्या वेळी दोन पावले मागे जाऊन ३५ किंवा ५० मिमीवर काढल्यास हा प्रश्न बव्हंशी उद्भवणार नाही.

फिशआय लेन्सचे चित्र पूर्ण सरळ करता येते का?

मधला भाग करता येतो. १८० अंशांचे पूर्ण दृश्य सरळ रेषांच्या सपाट चित्रात गणितानेच मावत नाही, कारण कडेचे बिंदू अनंतापर्यंत ताणावे लागतात.

रेषांच्या कडेला दिसणारी जांभळी-हिरवी किनार याच दुरुस्तीत जाते का?

रिमूव्ह क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन ही लाइटरूममधील वेगळी खूण आहे. वेगवेगळ्या रंगांचे वर्धन किंचित वेगळे असल्याने कोपऱ्यांकडे येणारी किनार तिने जाते. फोकसच्या पुढे-मागे मध्यभागीही दिसणारी जांभळी झाक वेगळ्या कारणाने येते आणि तिच्यासाठी डिफ्रिंज वापरावे लागते.

किल्ल्याच्या दरवाजाचे त्रिमित प्रारूप करण्यासाठी दोनशे छायाचित्रे काढली आहेत. ती आधी सरळ करून घ्यावीत का?

विकृतीची दुरुस्ती मुळीच करू नये. फोटोग्रॅमेट्रीचे सॉफ्टवेअर एकाच बिंदूच्या अनेक चित्रांतील जागा ताडून लेन्सची वक्रता स्वतः काढते, आणि त्यासाठी त्याला न कापलेली, न ताणलेली मूळ चित्रे लागतात. आधीच सरळ केलेल्या आणि कापलेल्या चित्रांत मध्य व फोकल लेंथ दोन्ही बदललेले असल्याने त्याचा हिशोब बिघडतो आणि सपाट भिंत प्रारूपात किंचित फुगलेली येऊ शकते. कोपऱ्यांचा काळोख मात्र काढायला हरकत नाही. त्याने बिंदू जागचे हलत नाहीत आणि दगडाचा रंग सगळीकडे सारखा येतो. सर्व चित्रे एकाच फोकल लेंथवर काढलेली असावीत, आणि कॅमेऱ्यातील विकृती-दुरुस्तीचा पर्याय काम सुरू करण्यापूर्वीच बंद करून ठेवावा.